स्तनातली गाठ, दुखणं, स्राव: कर्करोग नसलेल्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तपासणीच्या खोलीत रोज कानावर येतात. काही बसल्या बसल्या विचारले जातात, बरेचसे खुर्चीतून उठता उठता, "अजून एक विचारू का?" म्हणत. उत्तरंही बोलल्यासारखीच दिली आहेत. तुमचा स्वतःचा रिपोर्ट मात्र तुम्हाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर बसूनच वाचा.

हाताला गाठ लागली. म्हणजे कर्करोगच का?

बहुतेक वेळा नाही. स्तनाची काहीतरी तक्रार घेऊन आलेल्या दहाजणींपैकी साधारण नऊजणींना कर्करोग नसतो. वय इथे बरंच काही सांगून जातं. विशीतल्या मुलीला लागणारी गुळगुळीत, बोटांखालून निसटणारी गाठ बहुधा साधी, कर्करोग नसलेली, म्हणजे फायब्रोअॅडिनोमा असते. पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान एकाएकी उगवलेली, टम्म फुगलेली गाठ पुष्कळदा पाण्याची, म्हणजे सिस्ट. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर नव्याने लागलेली गाठ मात्र, काही वावगं नाही हे सिद्ध होईपर्यंत, संशयितच धरायची.

"दुखत नव्हती म्हणून आले नाही" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. दुखणारी ती वाईट आणि न दुखणारी ती साधी, असा हिशोब मनात पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि निरुपद्रवी सिस्ट रात्रभर ठणकू शकते. दुखण्यावरून घाबरूही नका आणि बिनधास्तही राहू नका.

डॉक्टरांनी हाताने तपासून "साधी वाटते" म्हटलं. मग पुढच्या तपासण्या कशाला?

कारण बोटं फसतात, माझीसुद्धा. खोल दडलेली सिस्ट हाताला दगडासारखी घट्ट लागते, आणि काही कर्करोग अगदी मऊ, गोल, शहाण्या बाळासारखे असतात. म्हणून स्तनाच्या गाठीचा निकाल तीन साक्षीदारांवर ठरतो: हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा क्ष-किरण फोटो), आणि गरज पडल्यास सुईने घेतलेला तुकडा. याला तिहेरी तपासणी म्हणतात. तिघांचं म्हणणं जुळलं तर निदानावर निर्धास्तपणे विसंबता येतं.

खरी गोष्ट पुढे आहे. तिघांचं जुळलं नाही तर? हाताला गाठ वाईट लागते, सोनोग्राफीत कडा वेड्यावाकड्या दिसतात आणि सुईचा रिपोर्ट "साधी" येतो. अशा वेळी चांगल्या रिपोर्टवर खूश होऊन घरी जायचं नसतं. सुई गाठीच्या बाजूला पडली असेल ही शक्यता धरून पुन्हा, जास्त तुकडे घेऊन तपासायचं. "आमचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डॉक्टर परत बायोप्सी सांगतात" अशी तक्रार असेल, तर ते डॉक्टर बहुधा आपलं काम नीट करत आहेत.

उलट बाजूही आहे. तरुण मुलीत सोनोग्राफीत अगदी नमुनेदार फायब्रोअॅडिनोमा किंवा स्वच्छ पाण्याची सिस्ट दिसली, तर प्रत्येक वेळी सुई घालायचीच असं नाही.

सोनोग्राफी करायची की मॅमोग्राफी?

तिशीच्या आत सोनोग्राफी. चाळिशीनंतर गाठ लागत असेल तर मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. मधल्या दहा वर्षांत डॉक्टर तुमच्या तक्रारीप्रमाणे ठरवतात.

तरुण स्तनात ग्रंथींचं प्रमाण जास्त असतं. मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. पांढऱ्या भिंतीवर पांढरा डाग शोधण्यासारखं होतं. वय वाढतं तशी ग्रंथींची जागा चरबी घेते, ती काळपट दिसते आणि गाठ उठून दिसू लागते. गाठ भरीव आहे की पाण्याची, हे सोनोग्राफी झटकन सांगते, ते मॅमोग्राफीला जमत नाही. उलट, चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना पहिली पसंती सोनोग्राफीला. मॅमोग्राफीच्या क्ष-किरणांची धास्ती घेऊ नका, त्यांचं प्रमाण फार थोडं असतं. आणि एक लक्षात ठेवा: मॅमोग्राफी नॉर्मल आली, पण गाठ हाताला लागतेच आहे, तर विषय संपलेला नाही.

रिपोर्टवर "बायरॅड्स ३" लिहिलंय. म्हणजे तिसरी स्टेज का?

नाही, नाही आणि नाही. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की पाकीट हातात घेतानाच समोरच्या बाईचा चेहरा पाहून मला कळतं की ती आदली रात्र जागली आहे.

बायरॅड्स ही रेडिओलॉजिस्टने चित्र पाहून दिलेली श्रेणी आहे. आजाराच्या टप्प्याशी तिचा काही संबंध नाही. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी करा किंवा जुने फोटो आणा. शून्य पाहून आनंदाने परत जाणाऱ्याही भेटल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे काहीतरी दिसतंय, पण ते नक्की साधं आहे. तीन म्हणजे बहुधा साधं. इथे कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणून लगेच सुई न घालता सहा महिन्यांनी पुन्हा बघतात आणि सहसा दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा ठेवतात. चार म्हणजे संशय आहे, तुकडा घ्या. हा चार फार ऐसपैस आहे, त्यात २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत सगळं मावतं, म्हणून त्याचे अ, ब, क असे पोटभाग करतात. चार-अ आलेल्या बहुसंख्य बायकांचा बायोप्सीचा रिपोर्ट साधाच निघतो. पाच म्हणजे चित्र जवळजवळ कर्करोगाचंच. सहा हा आकडा निदान आधीच सिद्ध झालेल्यांना.

बायरॅड्स तीनमध्ये धोका आकड्यात नसतो, सहा महिन्यांनी यायला विसरण्यात असतो.

सुई टोचली की गाठ चवताळते, पसरते असं म्हणतात. खरं आहे का?

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती फार जुनी आहे आणि तिच्यापायी माणसं खरोखर उशीर करतात. पण बायोप्सीमुळे साध्या गाठीचा कर्करोग होत नाही, आणि कर्करोग असलाच तर सुईमुळे जगण्याची शक्यता घटते असंही दिसलेलं नाही. "सुई घातली आणि मग वाढलं" हे वाक्य बहुतेक वेळा असं असतं: आजार आधीपासून होता, सुईने तो उघडकीला आला.

सुया दोन प्रकारच्या. बारीक सुईने पेशी ओढून घेतात, ती एफएनएसी. झटपट होते, भूलही लागत नाही, पण हाती फक्त सुट्या पेशी येतात. जाड सुईने तुकडा घेतात, ती कोअर बायोप्सी. भिंतीच्या चार विटा सुट्या पाहणं आणि भिंतीचा तुकडा पाहणं, एवढा दोन्हींत फरक. आज भरीव गाठीसाठी कोअर बायोप्सीलाच पसंती आहे.

ती होते कशी ते सांगते, म्हणजे टेबलावर दचकायला नको. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते काही सेकंद चुरचुरतं. मग कातडीला दोन-तीन मिलिमीटरची चीर. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई तिरकी, पांढऱ्या रेघेसारखी गाठीकडे सरकताना दिसते. मग यंत्राचा "खट्" असा स्टेपलरसारखा आवाज. दुखण्यापेक्षा या आवाजानेच बायका जास्त दचकतात, म्हणून मी तो आधी हवेत वाजवून ऐकवते. काही तुकडे घेतले की जागा दाबून धरायची. टाका लागत नाही. दोन-चार दिवस काळंनिळं राहतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सुईने निदान न करता थेट "कापून काढू, मग बघू" असा सल्ला मिळाला तर कारण जरूर विचारा. निदान आधी कळलं तर किती कापायचं, कुठून कापायचं आणि मुळात कापायचं का, हे ठरवता येतं.

फायब्रोअॅडिनोमा निघाला. काढायचा की ठेवायचा?

ठेवला तरी चालतो, हे ऐकून अनेक आयांना धक्का बसतो. मुलगी अठरा-वीस वर्षांची असते, ती शांत असते, आई मात्र "काढूनच टाका" म्हणून बसलेली असते.

फायब्रोअॅडिनोमा म्हणजे स्तनाच्याच ग्रंथी आणि त्यांच्या आधारतंतूंनी जरा हद्दीबाहेर केलेली वाढ. रबरासारखी घट्ट, गुळगुळीत, आणि बोट लावलं की सुळकन सरकणारी, म्हणून हिला "स्तनातला उंदीर" असंही म्हणतात. साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढून ती थांबते. काही वर्षांनुवर्षं तशाच राहतात, काही आपोआप लहान होतात, आणि पाळी गेल्यावर बऱ्याच सुकून जातात. गरोदरपणात मात्र वाढू शकतात.

काढायची कधी? झपाट्याने वाढत असेल, तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, आकार बिघडवत असेल, रिपोर्टमध्ये शंका असेल, किंवा ती आहे या विचारानेच झोप लागत नसेल. शेवटचं कारणही मला पुरेसं वाटतं. फक्त ते मुलीचं स्वतःचं असावं. शस्त्रक्रिया छोटी असते, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येतं. जमेल तिथे बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने चीर घेतली तर व्रण फारसा दिसत नाही. निवडक गाठी निर्वात सुईने ओढून किंवा गोठवूनही हाताळता येतात. गोळीने विरघळवायचा खात्रीचा उपाय नाही, आणि मालिशने जात नाही.

एक काढली म्हणजे दुसरी होणार नाही, असंही नाही. काहीजणींना अनेक असतात. दिसेल ती काढत सुटलं तर शेवटी स्तनात व्रणच उरतात.

फायलोड्स ट्यूमर म्हणजे काय?

फायब्रोअॅडिनोमाचा दांडगट चुलतभाऊ. सहसा चाळिशीच्या आसपास येतो, काही महिन्यांत भसाभस वाढतो आणि सुईच्या तुकड्यात फायब्रोअॅडिनोमासारखाच दिसून चकवू शकतो. कापल्यावर आतली रचना पानांसारखी दिसते, म्हणून १८३८ साली योहानेस म्युलर यांनी पानाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिलं. बहुतेक फायलोड्स साधे असतात, काही मधल्या पायरीवरचे, थोडे कर्करोगी. पण पुन्हा उगवायची खोड सगळ्यांनाच असल्यामुळे हा लक्ष ठेवून सोडायचा नसतो. तो पूर्ण काढायचाच, आणि मधल्या किंवा कर्करोगी प्रकारात भोवतालच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागासकट.

सिस्टमधलं पाणी काढावं लागतं का?

साधी सिस्ट, म्हणजे पातळ भिंत आणि आत निव्वळ पाणी, त्रास देत नसेल तर तिला हातही लावायची गरज नाही. दुखत असेल, ताणत असेल तर काढायचं.

वैद्यकात इतकं तत्काळ समाधान क्वचितच मिळतं. टेबलावर बाई पडलेली, मुठी आवळलेल्या. सुई आत जाते, दट्ट्या मागे ओढला की सिरिंजमध्ये हिरवट, कधी गवती पिवळा, कधी मातकट द्रव चढत जातो. माझ्या डाव्या बोटांखालची गाठ मऊ पडत पडत नाहीशी होते. मग मी बाईचाच हात तिथे ठेवते. "गेली?" एवढंच बहुतेकजणी विचारतात.

गेलीच असेल आणि द्रवात रक्त नसेल, तर तो द्रव तपासायला पाठवायची सहसा गरज नसते. द्रव रक्ताळ असेल, किंवा पाणी काढूनही गाठ शिल्लक राहिली असेल, तर पुढची तपासणी करावीच लागते. पुन्हा पुन्हा त्याच जागी भरणाऱ्या सिस्टकडेही नीट पाहायला हवं. सोनोग्राफीत भिंत जाड असेल किंवा आत भरीव भाग दिसत असेल, तर ती साधी सिस्टच नव्हे. तिथे पाणी काढून भागत नाही, भरीव भागाचा तुकडा घ्यावा लागतो.

"फायब्रोसिस्टिक डिसीज" लिहून दिलंय. हा आजार कायमचा मागे लागणार का?

मला हा शब्द आवडत नाही. पाळीच्या आधी स्तन जड होणं, गाठीगाठीचे लागणं, वर-बाहेरच्या बाजूला दुखरी दाट वीण लागणं, हे पाळी येणाऱ्या कितीतरी बायकांना होतं. त्याला आजाराचं लेबल लावलं की धडधाकट बाई रुग्ण होऊन घरी जाते.

१९८७ साली कार्डिफच्या ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर या शल्यविशारदांनी या गोष्टींकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवलं. स्तन आयुष्यभर बदलत असतो: वयात येताना घडतो, दर महिन्याला फुगतो-उतरतो, चाळिशीनंतर हळूहळू आटतो. यातल्या प्रत्येक टप्प्यावर थोडीशी गडबड होऊ शकते. घडताना झाली तर फायब्रोअॅडिनोमा, महिन्याच्या चक्रात झाली तर दुखरेपणा आणि गाठाळपणा, आटताना झाली तर सिस्ट. नेहमीचं, थोडं हललेलं आणि खरोखर बिघडलेलं या एकाच वाटेवरच्या जागा आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली "फायब्रोसिस्टिक बदल" एवढंच आलं असेल, तर त्याने पुढचा कर्करोगाचा धोका वाढत नाही.

स्तन दुखतात. किती मनावर घ्यायचं?

आधी दुखणं कुठलं ते ओळखू. दोन-तीन महिने कॅलेंडरवर रोज एक खूण करा: दुखलं नाही, थोडं दुखलं, खूप दुखलं. पाळीच्या तारखाही मांडा. पाळीच्या आधी आठवडाभर चढणारं आणि पाळी आली की उतरणारं दुखणं हार्मोनच्या चक्राशी जोडलेलं असतं. चक्राशी न जुळणारं, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं पुष्कळदा स्तनाचं नसतंच. कुशीवर वळा, म्हणजे स्तन बाजूला पडेल, आणि बरगडीवर दाबा. नेमकी तीच कळ आली तर ते बरगडी-कूर्चेचं किंवा स्नायूचं दुखणं. आणि डाव्या बाजूला दाब, सोबत घाम, दम, हातात कळ असेल तर हे पान बंद करून आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

गाठ नाही, स्राव नाही, नुसतंच दुखतंय, अशा वेळी कर्करोग निघण्याची शक्यता फार कमी असते. तपासणी करून हे नीट समजावून सांगितलं की बऱ्याचजणींना औषधच लागत नाही. भीती गेली की दुखण्याची धार जाते. पुढची पायरी म्हणजे मापाची, नीट आधार देणारी ब्रा, धावताना व्यायामाची ब्रा, आणि दुखऱ्या जागी डायक्लोफेनॅकचं जेल. चहा-कॉफी बंद करणं, जीवनसत्त्व ई, ईव्हनिंग प्रिमरोझ तेल यांचा फायदा चाचण्यांत ठोसपणे दिसलेला नाही. महिनोन्‌महिने त्या कॅप्सूल लिहून देण्याची सवय आपण डॉक्टरांनी सोडायला हवी, असं माझं मत आहे.

दुखण्याने झोप आणि काम दोन्ही बिघडत असतील तर थोड्या महिन्यांसाठी टॅमॉक्सिफेन कमी मात्रेत किंवा डॅनॅझॉल देता येतं. दोन्ही गुणकारी आहेत, दोन्हींचे दुष्परिणाम आहेत. डॅनॅझॉलने चेहऱ्यावर लव वाढू शकते, आवाज घोगरा होऊ शकतो. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ही औषधं नकोत.

बोंडातून पाणी येतं. काय समजायचं?

तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन या. आपोआप येतं की दाबल्यावर? एका बाजूने की दोन्ही? एकाच छिद्रातून की अनेक?

दाबल्यावर, दोन्हीकडून, अनेक छिद्रांतून येणारा दुधट किंवा हिरवट स्राव सहसा निरुपद्रवी असतो. रोज दाबून "येतंय का अजून" बघण्याची सवय सोडली की तो बऱ्याचदा थांबतो. दाबणं हेच त्याचं खतपाणी. दोन्हीकडून आपोआप दूध येत असेल आणि बाळ लहान नसेल, तर आधी गर्भ राहिलाय का याची चाचणी, मग रक्तात प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि थायरॉइड. उलटी थांबवणाऱ्या डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइडसारख्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरची औषधंही दूध आणतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या.

कपड्याला आपोआप डाग पडतो, एकाच छिद्रातून, रक्ताळ किंवा अगदी पाण्यासारखा स्वच्छ, तर तपासणी लांबवू नका. त्यातही सर्वांत नेहमीचं कारण साधंच असतं: दूधनलिकेत वाढलेला इवलासा कोंब, इंट्राडक्टल पॅपिलोमा. पण कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो, त्यामुळे चित्र आणि तुकडा दोन्ही लागतात. गरज पडली तर तेवढी एक नलिका काढून टाकतात. पुढे मूल व्हायचं असेल तर बाकीच्या नलिका शाबूत राहतात.

बाळाला पाजते आहे. स्तन लाल झालाय, ताप आहे. पाजणं थांबवू?

थांबवू नका. त्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही, आणि एकदम थांबवलं तर दूध तुंबून त्रास वाढतो. मात्र "गाठ मोडायला" जोरजोरात चोळणं आणि तासातासाला पंप लावून रिकामं करणं, हे दोन्ही आता टाळायला सांगतात. चोळल्याने सूज वाढते, जास्त काढल्याने शरीर जास्त दूध तयार करतं. बाळ मागेल तसं पाजा, मधे थंड शेक द्या, चालत असेल तर आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घ्या. एक-दोन दिवसांत उतार नसेल, किंवा ताप चढत असेल, तर प्रतिजैविक लागतं. ते अर्ध्यात सोडू नका.

ताप उतरूनही एक जागा टणक, ठुसठुसती राहिली तर पू झालाय का ते सोनोग्राफीत बघायचं. पू असेल तर आता पहिला उपाय मोठी चीर नसतो. सोनोग्राफीत बघत सुईने पू ओढतात, लागलं तर दोन-तीनदा. कातडी पातळ होऊन फुटायच्या बेतात असेल तर छोटी चीर.

आणि प्रतिजैविक पूर्ण करूनही न हटणारी लाली, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली कातडी असेल, तर पाजणारी आई असली तरी बायोप्सी. "दुधाचीच सूज असेल" म्हणत महिने घालवायचे नाहीत.

पाजत नाही, तरी पुन्हा पुन्हा गळू होतं.

बोंडाच्या काठाशी वारंवार पू होत असेल तर नलिकांभोवतीची सूज असू शकते. हिचा धूम्रपानाशी घट्ट संबंध आहे. सिगारेट चालू ठेवून नुसतं कापत राहिलं तर ते परत येतंच.

दुसरा, जास्त चिकाटीचा प्रकार ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. बहुधा मूल होऊन काही वर्षं झालेल्या तरुण बाईला होतो. टणक गाठ, लाली, जागोजागी वाहणारी छिद्रं. हाताला, कधी चित्रातही, हुबेहूब कर्करोगासारखा. निदान तुकड्यावरच होतं, आणि त्याच तुकड्यावर क्षयाची तपासणी आवर्जून मागून घ्यावी, कारण स्तनाचा क्षय असाच दिसू शकतो. क्षय समजून न घेता स्टिरॉइड सुरू केली तर तो भडकतो. क्षय नसल्याची खात्री झाली की काहीजणींना नुसत्या देखरेखीवर, काहींना स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेटवर आराम पडतो. महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. इथे कापाकापी जितकी कमी तितकं बरं.

स्तनाला मार लागला होता, आता तिथे गाठ आहे. आणि कातडीखाली दोरीसारखं काहीतरी लागतं, ते काय?

मार किंवा शस्त्रक्रियेनंतर चरबीचा थोडा भाग मरतो आणि घट्ट गाठ होते. साधी असूनही ती चित्रात भलतंसलतं सोंग घेते, म्हणून शंका असेल तर तुकडा. माराने कर्करोग होत नाही. मार लागल्यामुळे हात तिथे गेला आणि आधीचीच गाठ सापडली, असं मात्र घडतं.

दोरी म्हणजे बहुधा वरवरच्या शिरेत धरलेली गुठळी, मॉन्डोरचा आजार. ओढल्यासारखं दुखतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. स्तनाची तपासणी एकदा करून घ्यावी, एवढंच.

बायोप्सीत "एटिपिया" आलंय. कर्करोग नाही म्हणतात, मग डॉक्टर गंभीर का झाले?

साध्या रिपोर्टांतही पायऱ्या आहेत. पेशी नुसत्या संख्येने वाढलेल्या असतील तर पुढचा धोका दीड ते दोन पट. संख्येने वाढल्या आणि दिसायलाही विचित्र झाल्या, म्हणजे एटिपिकल हायपरप्लेझिया, तर सुमारे चौपट. पंचवीस वर्षांत अशा शंभरजणींपैकी जवळपास तीस जणींना कर्करोग होतो. म्हणजे सत्तरजणींना होत नाही, हेही त्याच वाक्यात ऐका.

सुईच्या तुकड्यात हे दिसलं तर सहसा तो भाग शस्त्रक्रियेने काढून तपासतात, कारण शेजारीच काही लपलेलं असू शकतं. पुढे दरवर्षी मॅमोग्राफी, आणि टॅमॉक्सिफेनसारखं धोका घटवणारं औषध घ्यायचं का याची निवांत चर्चा. ही चर्चा एका भेटीत उरकू नका. घरच्या कुणाला कर्करोग झाला होता, कोणत्या वयात, हे लिहून न्या.

काळी ब्रा, तारेची ब्रा, झोपताना ब्रा?

कशाचाही गाठीशी संबंध नाही.

मुलाची छाती वाढलीय. हे पुरुषांतही होतं?

होतं, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तर फारच. बोंडाखाली बटणासारखी दुखरी चकती लागते. बहुतेक मुलांत एक-दोन वर्षांत ती विरते. बाप उगाच व्यायाम वाढवायला सांगतो, मुलगा शर्ट काढायला लाजतो. खरं तर दोघांना समजावून सांगणं हाच बराचसा उपचार आहे. प्रौढ पुरुषात औषधं बघावीत: स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टराइड, केटोकोनॅझोल, व्यायामशाळेत गुपचूप घेतलेली स्टिरॉइड. यकृत, थायरॉइड आणि वृषणं तपासावीत. एका बाजूला, बोंडापासून बाजूला सरकलेली टणक गाठ असेल तर पुरुषालाही मॅमोग्राफी आणि बायोप्सी. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १ टक्का पुरुषांत असतो.

स्वतःची तपासणी कशी आणि कधी करू?

पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, कारण तेव्हा स्तन सर्वांत मऊ असतात. पाळी गेली असेल तर महिन्यातला कुठलाही एक दिवस. बोटांच्या टोकांनी नव्हे, तीन बोटांच्या सपाट भागाने, काखेपर्यंत. चिमटीत धरून पाहिलं तर प्रत्येक स्तनात गाठ सापडते. आरशात हात वर करून कातडीला खळी पडते का, बोंड नव्याने आत ओढलंय का, बोंडावर न बरी होणारी खपली आहे का, तेही बघा. स्वतःचं नेहमीचं काय आहे हे ओळखीचं असलं की वेगळं काही आलं तर लगेच कळतं. पण ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेत नाही.

गाठ काढली, डॉक्टर म्हणाले "साधीच दिसते." तरी ती तपासायला पाठवायची का?

पाठवायचीच. डोळ्यांना साधी दिसलेली गाठ फायलोड्स निघू शकते, तिच्या कडेला एटिपिया सापडू शकतं. काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बरणीत गेला का, बरणीवर तुमचं नाव आणि डावी-उजवी बाजू लिहिली आहे का, हे नातेवाइकांनी बघायला हरकत नाही. मला कुणी विचारलं तर राग येत नाही. साधारण आठवड्यात लेखी रिपोर्ट येतो. तो घ्या, त्याचा नंबर जपून ठेवा. प्रयोगशाळेत त्या तुकड्याचे मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षं राहतात आणि दहा वर्षांनी दुसऱ्या बाजूला काही निघालं, तर तेच पुन्हा कापून बघता येतात.